चिमटीतली कांडी

परवा गोल बाजारातून येताना तयार वातींचं एक पाकीट घेऊन आलो. त्रिपुरी पौर्णिमा जवळ आली आहे, आई त्र्याऐंशीची झाली आहे, आणि तरीही रायपूरच्या बुढापाऱ्यातल्या आमच्या घराच्या पडवीत सकाळची उन्हं उतरली की ती कापसाची ताटली पुढ्यात घेऊन बसतेच. मला वाटलं, तेवढाच तिच्या बोटांना आराम. तिनं पाकीट फोडलं, एक वात काढली, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून एकदा फिरवली आणि पुन्हा पाकिटात ठेवून दिली. "पिळलेली आहे," ती म्हणाली, "वळलेली नाही." झालं, निकाल लागला. पाकीट देवघराच्या फळीवर गेलं, आणि आई बोटाला भस्म लावून पुन्हा आपल्या कापसाकडे वळली.

एरवी मी हसलो असतो. आमच्या घरात बाजारच्या वस्तूंची अशी परीक्षा रोजचीच. पण परवा ते शब्द ऐकले आणि हसू आलं नाही. कारण पडवीच्या दुसऱ्या टोकाला, पायरीला लागून, बाबांची जुनी साडेतीनशे सीसीची मोटारसायकल उभी होती. दसऱ्याला तिचे टॅपेट मी याच हातानं, याच चिमटीनं बसवले होते, आणि तेव्हापासून ती गाडी फार शांत झाली होती. माझी लेक नव्या रायपुरात नोकरी करते. दसऱ्यानंतरच्या एका रविवारी तिला मागे बसवून तळ्याकडून एक चक्कर मारून आणली तर म्हणाली, "पापा, गाडी तो मक्खन हो गई." तिला मराठी सगळी समजते, उत्तर मात्र हिंदीतच येतं. मी वरवर खूश झालो. आत कुठेतरी मला ती शांतता ओळखीची वाटली, आणि ती ओळख मला नको होती. त्यातच गेल्या महिन्यात साखरेच्या तपासणीत डॉक्टरांनी माझ्या पायाच्या अंगठ्याला एक बारीक दोरा टेकवून विचारलं होतं, "कळतंय?" मी म्हटलं, "लावा तर खरं." ते म्हणाले, "लावलाय."

हे सगळं कळायला आधी त्या गाडीचं पोट उघडावं लागेल. भिऊ नका, फार खोल जाणार नाही. इंजिनाच्या डोक्यात दोन झडपा असतात. मिस्त्री लोक त्यांना वाल म्हणतात. एक हवा-पेट्रोल आत घेते, दुसरी धूर बाहेर सोडते. त्या झडपांना खालून दोन सडपातळ कांड्या उघडतात, पेन्सिलीपेक्षा जेमतेम जाड. नंतर आलेल्या गाड्यांत मध्ये केसाएवढी फट ठेवतात आणि ती पोलादाच्या पातळ पात्यांनी मोजतात. आमच्या या जुन्या लोखंडी बाईला पातं चालत नाही. तिची फट म्हणजे असूनही नसलेली; ती बसवणं म्हणजेच टॅपेट बसवणं. कांडी वर-खाली हलवून पाहिली तर हलता कामा नये, आणि चिमटीत धरून फिरवली तर मात्र सुखानं फिरली पाहिजे. हे मोजायचं कशानं, तर बोटांनी. दुसरं मापच नाही. एवढं अवजड धूड, सिमेंटच्या दोन पोत्यांसकट माणसाला ओढून नेणारं, आणि त्याचा जीव बोटाच्या पेरावर ठेवलेला. मला याचं लहानपणी नवल वाटायचं, साठीला आलो तरी वाटतं, आणि खरं सांगायचं तर वर्षागणिक जास्तच वाटतं.

बाबा अमरावतीकडचे, रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. कागदांवर शिक्के मारण्यात जन्म गेला, पण रविवारी सकाळी त्यांचा थाट मिस्त्र्याचा. टॅपेट बघायचे तर इंजिन पुरतं थंड हवं. म्हणून आदल्या दुपारपासूनच गाडीला हात लावायची बंदी. आई म्हणायची, "आज तुमच्या गाडीचं सोवळं आहे, आम्ही लांबूनच जातो." सकाळी बाबा जेवणाचा जुना पाट गाडीशेजारी टाकत, बनियन घालून बसत, रॉकेलची वाटी आणि फडकं डाव्या हाताला. प्लग काढायचे, त्या भोकावर अंगठा धरायचे आणि मला मागचं चाक हळूहळू फिरवायला सांगायचे. आतून हवेचा दाब येऊन अंगठा ढकलला गेला की "थांब" म्हणायचे. मग आईच्या विणकामाची एक सुई त्या भोकातून आत सोडून दट्ट्या अगदी माथ्यावर आला का ते बघायचं. त्या सुईवरून आईनं कितीदा कुरकुर केली असेल. नंतर तिनं नाद सोडला आणि ती सुई गाडीच्याच डब्यात राहायला गेली. दट्ट्या माथ्यावर आला की खालचं झाकण काढायचं, आणि त्या दोन कांड्या दिसायच्या, तेलानं चमकणाऱ्या, शेजारी शेजारी. बाबा डोळे मिटून त्या फिरवायचे. आमच्या गल्लीत कोणी कितीही जोरानं हाक मारली तरी त्या वेळी त्यांना ऐकू जात नसे.

तात्यापाऱ्यातल्या मिस्त्र्यांकडे गाडी न्यायची म्हणजे त्यांना कमीपणा वाटे. मिस्त्री लोक घाईत असतात, टॅपेट वाजतो म्हणून गिऱ्हाईक तक्रार करतं, म्हणून घट्ट आवळून मोकळे होतात, असं त्यांचं ठाम मत. त्यात तथ्यही होतं. गंमत अशी आहे बघा, टॅपेट सैल असला तर टिकटिक वाजतो, माणसाचं डोकं उठतं, पण गाडीचं फार बिघडत नाही. घट्ट झाला तर आवाज जातो, गाडी गुळगुळीत चालते, लोक कौतुक करतात, आणि आत झडप पुरती मिटत नाही म्हणून तिच्या कडेनं आग निसटत राहते. ती झडप रोज थोडी थोडी जळत असते, आणि बाहेर कुणाला पत्ताही नसतो.

मी कॉलेजात असताना, एका कार्तिकात, बाबांची गाडी अशीच शांत झाली. सगळ्यांनी वाखाणली. मालधक्क्यावरच्या साहेबांनीसुद्धा विचारलं म्हणे, कोणाकडून काम करून घेतलं. बाबा आठ दिवस मिशीतल्या मिशीत हसत होते. नवव्या दिवशी आई-बाबा राजिमला दर्शनाला गेले आणि परतताना अभनपूरच्या अलीकडे गाडीनं जीव टाकला. किक मारावी तर पाय पोकळीत गेल्यासारखा, आत दाबच नाही. बाबांनी गाडी ढकलली, आई मागून प्रसादाची पिशवी घेऊन चालत आली, आणि शेवटी फुलकोबीच्या पोत्यांवर गाडी आडवी टाकून एका टेम्पोतून ती दोघं घरी पोचली. आईच्या लुगड्याला कोबीचा वास येत होता. बाबा त्या रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा ते तात्यापाऱ्यात गेले. मी बरोबर होतो. मिस्त्र्यानं डोकं उघडलं, झडप काढून उजेडात धरली. तिची कड एका जागी कुरतडल्यासारखी झाली होती, उंदरानं बिस्किट खावं तशी. "बाबूजी, वाल जल गया," तो म्हणाला, "टैपिट इतना टाइट किसने किया?" बाबा झडपेकडे पाहत म्हणाले, "था एक मिस्त्री. उधर स्टेशन तरफ." मी मान खाली घातली. माझे बाबा खोटं बोलले, आणि तेही जगात नसलेल्या मिस्त्र्यावर ढकलून, याचा मला तेव्हा रागच आला. आज त्या रागाची लाज वाटते.

त्यांना साखरेचा आजार होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. सदऱ्याची वरची गुंडी त्यांना लावता येईनाशी झाली होती, ती आई लावून द्यायची. चहाची गरम कपबशी ते आरामात हातात धरत. आम्हाला वाटे, बाबा मोठे सोशिक. ती सोशिकता नव्हती. बोटांची पेरं मुकी झाली होती. आणि मुक्या बोटांचा घात असा, की काही कळत नाही म्हणून माणूस आपोआप जोर लावतो. जोर लावला की घट्ट कांडीही फिरते, आणि माणसाला वाटतं, फिरली की, छान फिरली.

नवी झडप बसवली की काही दिवसांनी टॅपेट पुन्हा बघावे लागतात. तो रविवार मला काल घडल्यासारखा आठवतो. पाट टाकला, झाकण उघडलं, बाबांनी कांडी धरली. बराच वेळ धरून बसले. फिरवली, सोडली, फडक्यानं बोटं पुसली, पुन्हा धरली. पडवीच्या दुसऱ्या टोकाला आई त्रिपुरीच्या वाती वळत होती, ताटलीत त्यांचा पांढरा ढीग. मी चाकापाशी उभा होतो, आणि बाबा माझ्याकडे पाहतच नव्हते. मला वाटलं, आता म्हणतील, तू बघ. माझी बोटं तरणी होती, मी तयारही होतो. पण त्यांची नजर आईच्या हातांवर होती. पंचवीस वर्षं ते हात त्यांच्या डोळ्यांसमोर होते, रोज कापसाचा पुंजका घेऊन, ना घट्ट ना सैल, अशी एकसारखी फिरणारी ती चिमूट. त्यांनी ती त्या सकाळी पहिल्यांदा पाहिली असं मी म्हणणार नाही. पण पाहून तिचं मोल ओळखलं, ते त्या सकाळी.

"ऐकलं का," बाबा म्हणाले, "हात पुसून जरा इकडे ये."

आई आली, पदराला हात पुसत. बाबांनी काय हवं ते सांगितल्यावर तिला हसूच आलं. "बाप्पा, मले काय समजते त्यातलं?"

"तुले वात समजते ना? मग हेही समजल."

आणि बाबा पाटावरून उठले. मला तेव्हा कळलं नाही त्यांनी काय केलं ते. शिक्के मारणाऱ्या त्या माणसाला जगात एकच जागा अशी होती, जिथं तो कुणाचा कारकून नव्हता. ती जागा म्हणजे तो पाट, आणि तो त्यांनी सरकवून दिला. आई बसली. तिनं कांडीला चिमूट लावली, नेहमीच्याच हलक्या हातानं, आणि लगेच म्हणाली, "ही वळून नाही राहिली. पिळून राहिली." बाबा जमिनीवर बसले, दोन पाने लावून कांडीचा नट सैल करत गेले. ती "अजून" म्हणायची, ते एक केस सैल करायचे. "अजून. थोडीशी. बस." दुसऱ्या कांडीचंही तसंच. मग किक मारली. इंजिन धडधडलं, आणि त्या धडधडीच्या आतून टिक-टिक असा बारीक आवाज यायला लागला. आईचा चेहरा पडला. वाजून राहिली म्हणजे आपल्या हातून बिघडलं, असं तिला वाटलं. बाबा कितीतरी दिवसांनी मोकळे हसले आणि म्हणाले, वाजून राहिली म्हणजे बरी आहे. त्या संध्याकाळी निरंजनातली वात तडतडली आणि देवघरात रॉकेलचा वास पसरला. आईनं साबण लावून तीनदा हात धुतले होते, तरी. देवानं काही मनावर घेतलं नाही.

त्यानंतर बाबा असेपर्यंत, वर्षातून दोनदा, पाटावर आई आणि जमिनीवर बाबा. ती दोघं एरवी फार बोलणारी नव्हती. भाजी काय आणायची, बिल भरलं का, एवढंच. पण त्या अर्ध्या तासात ती "अजून" म्हणायची आणि ते ऐकायचे. मी टॉर्च धरून उभा असायचो आणि मला कशाचा तरी फार मोठा धाक वाटायचा, आनंदाचा धाक. देवळात गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी वाटतो ना, तसा. इतकी बारीक गोष्ट, जी कुठल्या पुस्तकात लिहिता येत नाही, ती एका बाईच्या बोटात तिच्याही नकळत साठलेली होती. तिला कुणी शिकवली नव्हती. लाख वाती वळता वळता ती आत जाऊन बसली होती, आणि एक दिवस लोखंडाच्या कांडीवर ओळख देऊन गेली.

बाबा गेल्यावर टॅपेट मी बघायला लागलो. आईला बोलावलं नाही. आपली बोटं चांगली आहेत, तिला कशाला त्रास, असं स्वतःला सांगायचो. खरं कारण दुसरं होतं. तो पाट आता माझा आहे, असं वाटत होतं.

परवाच्या त्या पाकिटानंतर दिवसभर मी गाडीला हात लावला नाही. भीत होतो, दुसरं काय. झाकण न उघडता भागलं असतं, तर मी जन्मभर उघडलं नसतं. पण काल रविवार. सकाळी पाट टाकला. रॉकेल आता मिळत नाही, डिझेलची वाटी घेतली. दट्ट्या माथ्यावर आणला, तीच जुनी सुई. झाकण काढलं, धूर सोडणाऱ्या झडपेची कांडी धरली आणि फिरवली. छान फिरली. मग मुद्दाम जोर कमी केला, आणि कमी करत करत अशा जागी पोचलो, जिथं कांडी फिरते आहे की माझं बोट तिच्यावरून घसरतं आहे, हे मला सांगता येईना. तेलकट फडक्यानं बोटं पुसली, पुन्हा धरली. नाही. हातात काही आहे एवढंच कळत होतं. हुबेहूब बाबांसारखा मी पाटावर बसलो होतो, आणि पडवीच्या त्या टोकाला आईची चिमूट फिरत होती.

किती वेळ गेला माहीत नाही. एका पाटावरून उठायला काय लागतं हो? माझे पाय उठेनात. डोळ्यांत पाणी आलं, ते डिझेलमुळे नव्हतं. बाबा किती सहज उठले होते असं मला इतकी वर्षं वाटत आलं. सहज कसले. त्या माणसानं तेव्हा आपल्या हातांचा निरोप घेतला होता, आणि आवाजही होऊ दिला नाही.

"आई," मी म्हटलं, "जरा येशील का इकडे?"

ती भिंतीला धरून आली. मी उठलो, तिला हाताला धरून पाटावर बसवलं. खाली बसायला तिला वेळ लागतो, पण अजून जेवायला ती खालीच बसते. तिनं पदराला बोटं पुसली आणि कांडीला लावली. डोळ्यांनी तिला ती नीट दिसतही नसावी. एक अर्धा फेरा, आणि तिचा हात थांबला.

"काहून रे, इतकी पिळली?"

"मले समजलंच नाही, आई."

ती माझ्या तोंडाकडे पाहील असं वाटलं होतं. तिनं पाहिलं माझ्या बोटांकडे, बराच वेळ. मग म्हणाली, "ढील दे." मी जमिनीवर बसलो, दोन पाने घेतले. "अजून. अजून थोडी. बस." तिचा आवाज म्हातारा झाला आहे, बोटं मात्र तिथंच आहेत, जिथं होती. सुदैवानं झडप अजून जळली नव्हती, दाब शाबूत होता. किक मारली, आणि आतून टिक-टिक ऐकू आली. लेक आतून बाहेर येऊन म्हणाली, "पापा, फिर से आवाज़ करने लगी." मी "हव" म्हणत मान डोलावली. तिच्या बोटांबद्दल अजून मला काही माहीत नाही. त्यांची पाळी येईल तेव्हा येईल.

मला वाटलं, झालं. पण दिवेलागणीला आईनं कापसाची ताटली माझ्या पुढ्यात सरकवली. "रोज दहा वळत जा," ती म्हणाली. त्यानं बोटं परत येतात का, असं मी विचारलं.

"मले काय माहीत? तुह्या बाबालेही म्हटलं होतं मी. ते लाजले." तिनं भस्माची डबी पुढे केली. "तू लाजू नको."

मी बोटाला भस्म लावलं आणि वळायला बसलो. पहिली वात शेंड्याला फुगीर, मध्ये बारीक आणि जागोजाग पिळलेली झाली. आईनं ती चिमटीत धरून फिरवली. परवाच्या पाकिटाचा निकाल मला आठवला. पण तिनं ती निरंजनात घातली, पेटवली. ती तडतडली, डिझेलचा वास आला, एका अंगानं जळू लागली. आईनं कापसाचा दुसरा पुंजका माझ्या तळहातावर ठेवला.